अस्वल परवडलं, पण छेद कुठाय?

२०२४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना कॅमेऱ्यासमोर एक प्रश्न विचारला गेला. जंगलात एकटी अडकलीस, तर समोर कोण आलेलं चालेल, पुरुष की अस्वल? आठ जणींपैकी सात जणी म्हणाल्या, अस्वल. टिकटॉकवरचा तो छोटासा तुकडा जगभर फिरला. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण रील्सच्या मागच्या दारानं तो आपल्याही फोनमध्ये आला आणि कॉलेजच्या कट्ट्यावर त्यावरून रीतसर भांडणं झाली. काही ग्रुप्समध्ये तर अजूनही होतात. विषय निघाला की दोन तट पडतात आणि दोन्ही तटांच्या हातात एकच हत्यार असतं: आकडे.

मुलींच्या बाजूनं आलेला आकडा साधारण असा. अमेरिका आणि कॅनडात मिळून १९०० ते २००९ या ११० वर्षांत काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारली. आणि एकट्या २०२३ या वर्षात जगभरात ५१,१०० बायका-मुली त्यांच्या जोडीदाराच्या किंवा घरच्याच कुणाच्या हातून मारल्या गेल्या. पहिला आकडा अस्वलांवरच्या संशोधनातला, दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला. दोन्ही खरे. मग ठरलं की, अस्वल सेफ!

मुलांच्या बाजूनं उत्तर येतं, अरे पण जगात पुरुष किती, अस्वलं किती? दिवसाला किती पुरुष तुझ्या शेजारून जातात आणि तुला काहीही होत नाही? हेही खरंच आहे. जी मुलगी रोज पीएमपी किंवा लोकलनं कॉलेजला जाते, तिच्या हाताच्या अंतरावरून दिवसाला दोनशे अनोळखी पुरुष सहज जात असतील. वर्षाचे झाले सत्तर हजार. याच मुलीला आयुष्यात मोकळ्यावरची अस्वलं किती भेटणार? बहुतेक शून्य. सत्तर हजार भेटींतले धोके आणि शून्य भेटींतले धोके यांची तुलना करायची कशी?

पाचवीत आपण अंश आणि छेद शिकतो आणि फोन हातात आला की छेद विसरतो. ‘इतके मेले’ हा अंश. ‘कितींपैकी, किती दिवसांत, किती वेळा समोर आल्यावर’ हा छेद. अंश बातमीत असतो, पोस्टरवर असतो, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये असतो. छेद शोधावा लागतो, आणि बऱ्याचदा तो कुणी मोजलेलाच नसतो.

जिथे छेद मोजलेला आहे, तिथे काय दिसतं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानानं ग्रिझली अस्वलांच्या हल्ल्यांचा हिशेब नीट ठेवलाय. १९७९ पासूनच्या साधारण चार दशकांत ११.८ कोटींहून जास्त भेटी आणि ग्रिझलींमुळे जखमी झालेली माणसं ४४. म्हणजे सुमारे २७ लाख भेटींमागे एक. ऐकून वाटतं, भीतीच नको. पण त्याच उद्यानानं छेद फोडून दाखवला आहे. गाडी, रस्ता आणि हॉटेलं सोडून न जाणाऱ्यांसाठी हा धोका सुमारे ६ कोटी भेटींमागे एक इतका कमी. जे आत, रानात पायी हिंडतात, त्यांच्यासाठी पायपिटीच्या साधारण २ लाख ३३ हजार दिवसांमागे एक. एककं थोडी वेगळी आहेत, पण ढोबळमानानं अडीचशे पटींचा फरक आहे. अस्वल तेच, उद्यान तेच, माणूस कुठे उभा आहे तेवढं बदललं. ‘२७ लाखांत एक’ हा सरासरीचा आकडा खरं तर या दोघांपैकी कुणाचाच नाही.

आणि अस्वल म्हणजे तरी कुठलं? लंडनच्या त्या मुलींच्या डोळ्यांसमोर बहुधा जाडजूड, थोडंसं आळशी, मध खाणारं अस्वल असावं. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल माणूस दिसला की बहुतेक वेळा पळ काढतं. आपल्याकडचं अस्वल वेगळं आहे. विदर्भात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत ते आहे. वाळवी आणि मोहाची फुलं खाणारा हा प्राणी माणसाला खायला येत नाही. पण त्याची नजर अधू, आणि अचानक जवळ कुणी आलं की तो पळत सुटण्याऐवजी अंगावर येतो, तोंडावर आणि डोक्यावर पंजे मारतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बायका रानात जातात, आणि त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही आलेलं असतं. गडचिरोलीतल्या एखाद्या गावात जाऊन ‘पुरुष की अस्वल’ विचारून बघा. बाई आधी तुमच्याकडे बघेल आणि मग विचारेल, कुठलं अस्वल, पिल्लंवालं का?

हा विनोद नाही. धोका ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे त्याला तपशील लागतो, आणि ज्याच्या वाटेवर नाही त्याला सरासरी पुरते. वाघांचं बघा. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत देशात वाघांच्या हल्ल्यांत पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. १४० कोटींच्या देशात, पाच वर्षांत पावणेचारशे. रस्त्यावरच्या अपघातांत तर २०२२ या एकाच वर्षात १ लाख ६८ हजारांहून जास्त लोक मेले. मग पुण्या-मुंबईत बसून ‘वाघांचा कसला आलाय धोका, ट्रकपेक्षा वाघ बरा’ म्हणणं सोपं जातं. पण हे मृत्यू १४० कोटींत वाटले गेलेले नाहीत. ते ताडोबाच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरी भागातल्या गावांमध्ये, सरपण, तेंदूपत्ता, मोहफुलं, गुरं यांसाठी जंगलात जाणाऱ्या माणसांच्या वाट्याला आलेले आहेत. त्यांचा छेद लावला, की तोच आकडा एकदम अंगावर येतो.

जुन्नर-शिरूरच्या उसात हेच बिबट्याच्या बाबतीत. बिबट्या माणसाला टाळतो, हे विधान सरासरीनं खरं आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, नुसती शेती, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, आणि तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आरामात राहत होते. अभ्यासाच्या काळात बिबट्याच्या हल्ल्यात एकही माणूस मेला नाही. पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालणारी माणसं आपण व्हिडिओत पाहिली. काही जण हसलेही. त्या पट्ट्यांवर हसणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सहानंतर उसाच्या बांधावरून मोटर चालू करायला जाऊन यावं.

म्हणजे भीती बरोबर आणि आकडे चूक, असं म्हणायचंय का? तसंही नाही. भीतीच्या भरात घेतलेला निर्णय कसा उलटतो, याचं उदाहरण याच जुन्नरमध्ये आहे. २००० नंतर तिथे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. लोकांना बरं वाटलं, पिंजरा दिसला की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. नंतर अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. मोहिमेआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. आपली हद्द, पाणवठे, लपायच्या जागा माहीत असलेला बिबट्या उचलून अनोळखी मुलखात सोडला, की तो तिथे बिचकतो, भरकटतो, माणसांना भिडतो; आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो. लोकांच्या भीतीला सरकारनं उत्तर दिलं खरं, पण हल्ले वाढले.

हे डोक्यात ठेवून आता माणसांकडे वळू या, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात पिंजरा येतो तो बिबट्यासाठी नाही, मुलींच्या होस्टेलसाठी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल उघडा. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले. गेल्या दशकातलं जवळपास कुठलंही वर्ष घ्या, नोंद झालेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो. अनेक वर्षी हा आकडा ९५ च्या आसपास जातो. घरातला, शेजारचा, कामावरचा, मित्र, ऑनलाइन मित्र, लग्नाचं वचन देणारा, वेगळा राहणारा नवरा. उरलेल्या थोड्या टक्क्यांत अनोळखी, आणि ज्यांची ओळखच पटली नाही असेही त्यातच.

हा आकडा दरवर्षी बातमीत येतो आणि दरवर्षी दोन्ही बाजू त्याचा चुकीचा अर्थ काढतात. पहिली चूक ही, की ‘ओळखीचे पुरुष अनोळखींपेक्षा जास्त धोकादायक’. आकडा असं म्हणत नाही. शंभर बलात्कारांपैकी पंचाण्णव ओळखीच्यांनी केले, यातून शंभर ओळखीच्या पुरुषांपैकी किती जण काही करतील हे अजिबात कळत नाही. प्रश्न उलटा केला की उत्तर बदलतं, हे बारावीच्या प्रोबॅबिलिटीत शिकलेलं आठवत असेल. शिवाय आपण बंद खोलीत, प्रवासात, पार्टीत वेळ घालवतो तो ओळखीच्यांबरोबरच. त्यामुळे काही वाईट घडलं तर ते तिथे घडण्याची शक्यता आपोआप जास्त. परत छेद.

दुसरी चूक अधिक महाग पडते. ‘बघा, अनोळखी माणसांकडून फारसं होत नाही, तुम्ही मुली उगाच घाबरता.’ असं म्हणणाऱ्यानं एवढाच विचार करावा, की अनोळखींकडून कमी होतं याचं एक कारण मुलींनी आधीच किती काय सोडून दिलंय, हेही आहे. रात्रीची शेवटची बस सोडली, लायब्ररीतून सातला निघाली, क्लास बदलला, सोबत असल्याशिवाय रिक्षात बसली नाही. जो धोका टाळला तो कुठल्याच आकड्यात येत नाही, त्यासाठी मोजलेली किंमतही नाही. ही किंमत एका संशोधनात मात्र पकडली गेली. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जास्त सुरक्षित वाटणारा जायचा-यायचा रस्ता मिळत असेल, तर मुली वरच्या वीस टक्क्यांतलं कॉलेज सोडून खालच्या अर्ध्यातलं कॉलेज निवडायला तयार होत्या. मुलांच्या निवडीवर रस्त्याचा परिणाम नावापुरताच. वाटेत कुणी काही बोललं नाही, हात लावला नाही, तक्रार झाली नाही. फक्त चांगली जागा गेली.

आणि अनोळखी माणसाचा धोका खोटा आहे, असं पुण्यात तरी कुणी म्हणू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेटच्या डेपोत पहाटे उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार आली, आणि त्यानंतर कित्येक महिने घरोघर मुलींना गावी जायच्या गाडीच्या वेळा बदलाव्या लागल्या. एसटीचं स्टँड ही आपल्या सगळ्यांची ओळखीची जागा, म्हणून ती बातमी डोक्यातून जात नाही. मानसशास्त्रज्ञ टवर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं, की एखादी गोष्ट जितकी पटकन आठवते तितकी ती वारंवार घडते असं आपल्याला वाटतं. स्वारगेट पटकन आठवतं. बंद दारामागची हजार प्रकरणं आठवत नाहीत, कारण ती आपल्याला कुणी सांगितलेलीच नसतात.

इथेच मला या सगळ्या वादातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट दिसते. आपल्याकडे कशाची मोजणी चांगली होते आणि कशाची नाही, बघा. महाराष्ट्रात वाघा-बिबट्याच्या हल्ल्यात कुणी दगावलं, तर कुटुंबाला २५ लाख रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा होतो, वनखात्याची माणसं येतात, कागद तयार होतो. त्यामुळे असे मृत्यू सहसा मोजायचे राहत नाहीत. साप चावून मेलेल्या माणसाचं असं नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले असा अंदाज आहे. तो निघाला कसा, तर घरोघर जाऊन ‘तुमच्याकडचा माणूस कशानं गेला’ असं विचारणाऱ्या मोठ्या अभ्यासातून. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत हा आकडा फार लहान दिसायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांनी मिळून वाघांच्या कित्येक पट माणसं मारली, पण वाघाइतका मथळा त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं केंद्रानं राज्यांना सांगितलं ते २०२४ मध्ये.

आता घराकडे या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बायकांना एकांतात हिंसेबद्दल प्रश्न विचारले गेले. ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती, त्यांच्यापैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. लग्न झालेल्या ज्या बायकांवर लैंगिक हिंसा झाली, त्यांतल्या ८२ टक्क्यांनी सांगितलं, करणारा आत्ताचा नवरा. आणि गंमत बघा (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही), यातली एकही घटना एनसीआरबीच्या बलात्काराच्या रकान्यात जाऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद आहे, की बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्यानं केलेला संभोग बलात्कार धरला जात नाही. जुन्या दंडसंहितेतही तो होता. म्हणजे ‘९५ टक्के ओळखीचे’ हा आकडा सगळ्यात जवळच्या ओळखीच्या माणसाला वगळून काढलेला आहे. रकानाच नाही, तर आकडा कुठून येणार?

आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले, हेही म्हणूनच जपून म्हणावं. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ३५ टक्के वाढ. त्या वर्षात देशातले पुरुष अचानक पस्तीस टक्के जास्त वाईट झाले नाहीत. मध्ये डिसेंबर २०१२ चं दिल्लीचं प्रकरण झालं, लोक रस्त्यावर उतरले, कायद्यातली व्याख्या रुंदावली, बायका तक्रार द्यायला पुढे आल्या आणि पोलिसांना ती घ्यावी लागली. एखाद्या राज्यात आकडा कमी असेल तर तिथे मुली सुरक्षित आहेत, की ठाण्यात जाणंच सुरक्षित नाही, हे नुसत्या तक्त्यावरून कळत नाही.

आता परत लंडनच्या त्या सात जणींकडे जाऊ. त्यांनी डोक्यात भागाकार करून उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. पुढे जगभरातल्या ज्या हजारो मुलींनी या प्रश्नावर लिहिलं, त्यांच्या उत्तरात एक गोष्ट सारखी येत राहिली. अस्वलानं हल्ला केला, तर निदान लोक माझ्यावर विश्वास ठेवतील. तू काय घातलं होतंस, तिथे का गेलीस, तू त्याला काही इशारा दिलास का, हे कुणी विचारणार नाही. अस्वलाचं करिअर बरबाद होईल म्हणून मला गप्प बसायला सांगणार नाहीत. धोका म्हणजे नुसती शक्यता नसते, घडल्यावर काय होतं तेही त्यात धरावं लागतं. आपल्या मोहफुलं वेचणाऱ्या बाईलाही अस्वलानं ओरबाडलं तर गाव धावून येतं, उचलून दवाखान्यात नेतं. तिच्याच गावात दुसऱ्या प्रकारचा हल्ला झाला तर गाव असं धावून येईल का, हे तिला विचारा. त्या मुली त्या ‘नंतर’बद्दल बोलत होत्या आणि मुलं त्यांना ‘कितींपैकी किती’ शिकवत होती. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, म्हणून ते भांडण कधी संपलंच नाही.

तरीही मी ‘अस्वल’ हे उत्तर आकडेवारी म्हणून खपवून घेणार नाही. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या कुणालाही विचारा. हरिश्चंद्रगडावर अंधार पडताना वाट चुकली आणि समोरून हातात कोयता घेतलेला, डोक्यावर मोळी असलेला अनोळखी माणूस आला, की हायसंच वाटतं. तो पाणी कुठे आहे ते सांगतो, खाली सोडायलाही येतो. बहुतेक वेळा मुलींच्या ग्रुपलाही हाच अनुभव येतो. फक्त मुलांना हायसं वाटायला एक सेकंद लागतो आणि मुलींना त्याच्या हातातला कोयता, त्याची नजर, आपल्यातल्या किती जणी पळू शकतील, हे सगळं बघून मग हायसं वाटतं. तो माणूस दोघांसाठी सारखाच चांगला असतो. मधला हिशेब मात्र एकालाच करावा लागतो.

आणि हा हिशेब करायची सक्ती ज्यांच्यावर आहे, त्यांनाच आत ठेवायचे नियम होतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. जागा रुग्णालयाची, दोषी ठरलेला माणूस तिथेच वावर असलेला पोलिसांचा स्वयंसेवक. यावर पश्चिम बंगाल सरकारनं काढलेल्या सूचनांत काय होतं? शक्य तिथे महिला डॉक्टरांना रात्रपाळी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये त्यावर ताशेरे ओढले, सुरक्षा देणं तुमचं काम आहे, बायकांना रात्री काम करायला तुम्ही मनाई करू शकत नाही, अशा अर्थाचं सुनावलं. त्याआधी २०२२ मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजमधल्या मुलींनी होस्टेलच्या साडेनऊच्या बंदीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा तिथेही न्यायमूर्तींनी विचारलं होतं, त्रास देणारे पुरुष असतील तर कोंडायचं मुलींना का? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली.

होस्टेलचं फाटक, गेटवरचं रजिस्टर, कोपऱ्यातला सीसीटीव्ही, रात्रीची गस्त. ही सगळी व्यवस्था बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाला धरून उभी केलेली आहे, म्हणजे नोंदीतल्या त्या चार-पाच टक्क्यांसाठी. ती काढून टाका असं मी म्हणत नाही. दिवा असलेला रस्ता आणि वेळेवर येणारी बस कुणाला नको आहे? पण उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांसाठी फाटक काय करतं? प्रोजेक्टच्या मार्कांवरून सूचक बोलणारा गाइड, ब्रेकअपनंतर फोटो पसरवायची धमकी देणारा मित्र, सुट्टीत घरी गेल्यावर भेटणारा दूरचा काका, यांतल्या कुणालाही फाटक अडवत नाही. उलट साडेनऊच्या आत पोचायचं म्हणून एखादी ज्या कुणाच्या गाडीवर बसते, ज्या ‘ओळखीच्या’ रूमवर रात्र काढते, तो हिशेब कुठल्याच रेक्टरच्या वहीत नसतो. जुन्नरच्या पिंजऱ्याचा परिणाम निदान कुणीतरी मोजला. होस्टेलच्या वेळांमुळे मुलींवरचे अत्याचार खरंच कमी झाले का, हे कुठल्या कॉलेजनं मोजून दाखवलं आहे?

मोजायची एक जागा आहे मात्र. २०१३ च्या कायद्यानुसार आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. विद्यार्थ्यांचा मामला असेल तर त्यात विद्यार्थी प्रतिनिधी असतात. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा अहवालही द्यावा लागतो. तो अहवाल मागून बघा. बऱ्याच ठिकाणी तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिलेलं सापडेल. ते शून्य काही घडलंच नाही म्हणून आहे, की समिती कुठल्या मजल्यावर बसते हे तुमच्या वर्गात कुणालाच माहीत नाही म्हणून, हे प्राचार्यांना विचारता येईल.